मुंबईतील कोकणवासी मंडळांना खुले पत्र : गणपतीच्या प्रवासाची बैठक आषाढीपूर्वी घ्या

प्रति,
मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार आणि पनवेल येथे कार्यरत असलेल्या, कोकणातील गावोगावच्या मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे गणेश चतुर्थी लांबली असून ती १४ सप्टेंबर २०२६ रोजी, सोमवारी आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेक मंडळांत सध्या एकच वाक्य ऐकू येते : "अजून खूप वेळ आहे, आषाढी होऊ दे, मग गणपतीचे बघू." हे पत्र लिहिण्याचे कारण नेमके हेच वाक्य आहे. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि त्या दिवशी आपण पंचांग उघडून बसू, तेव्हा गावी जाण्याच्या गर्दीच्या सर्व दिवसांचे रेल्वे आरक्षण सुरू होऊन दहा-बारा दिवस उलटलेले असतील. गेली अनेक वर्षे मी कणकवली तालुक्यातील आमच्या गावच्या मंडळाची प्रवासाची वही सांभाळतो. कोण कधी जाणार, कोणाचे तिकीट झाले, कोणाचे अडले, कोणी किती जादा मोजले, हे सारे त्या वहीत असते. ती चाळताना दरवर्षी हेच दिसते, की आपल्या माणसांचे पैसे आणि हाल यांतील मोठा भाग वेळेवर न ठरवल्यामुळे वाढलेला असतो. हे काम एकेकट्या कुटुंबाकडून होत नाही, मंडळाकडून होऊ शकते. म्हणून ही विनंती मी मंडळांना करीत आहे.

प्रथम रेल्वेविषयी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे आणि या साठ दिवसांत प्रवासाचा दिवस धरला जात नाही. या हिशेबाने गुरुवार १० सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण रविवारी १२ जुलैला, शुक्रवार ११ सप्टेंबरचे १३ जुलैला आणि शनिवार १२ सप्टेंबरचे १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. परतीसाठी रविवार २० सप्टेंबर धरला, तर त्याचे आरक्षण २२ जुलैला उघडेल. या तारखा मंडळाच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर आजच लिहून ठेवाव्यात. त्यातही १२ जुलै हा रविवार असल्यामुळे त्या दिवशी कोणालाही कामावरून रजा काढावी लागणार नाही. ज्यांना गुरुवारी निघणे शक्य आहे, म्हणजे घरातील ज्येष्ठ माणसे, घराची साफसफाई करायला पुढे जाणाऱ्या बायका आणि निवृत्त मंडळी, त्यांची पहिली तुकडी त्याच दिवशी पक्की करून टाकावी. शुक्रवार रात्रीची गाडी प्रत्येकाला हवी असते आणि ती प्रत्येकाला मिळणे शक्य नाही, हे मंडळानेच बैठकीत स्पष्ट सांगावे.

येथे एका चुकीकडे मी विशेष लक्ष वेधतो, कारण ती दरवर्षी कोणाकडून तरी होते आणि तिची किंमत फार मोठी असते. आपल्या अनेक गाड्या रात्रीच्या आहेत, त्यामुळे तारखेचा घोळ होतो. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. याचा अर्थ, ज्याला आपण "शुक्रवारची रात्र" म्हणतो त्या रात्रीच्या तुतारीच्या तिकिटावर शनिवारची तारीख असते. गेल्या वर्षी आमच्याच मंडळातील सहा जणांचे एक कुटुंब शनिवारची तारीख असलेले पक्के तिकीट घेऊन शनिवारी रात्री पावणेबाराला दादरला पोहोचले. त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. सामान, दोन लहान मुले आणि पंच्याहत्तरीच्या आजी यांना घेऊन ते रात्रभर फलाटावर बसले आणि सकाळी मिळेल त्या वाहनाने, मागतील ते पैसे देऊन गावी गेले. त्या कुटुंबाने साठ दिवस आधी सगळे व्यवस्थित केले होते, फक्त तारीख कोणी तपासून दिली नव्हती. कोकणकन्या एक्स्प्रेसची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रात्री अकरानंतर सुटते, पण पनवेलला मध्यरात्र उलटून गेल्यावर येते. पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर त्यामुळे दुसऱ्या दिवसाची तारीख येते, परंतु आरक्षण उघडण्याचा दिवस मात्र गाडी मूळ स्थानकाहून ज्या तारखेला सुटते त्यावरून मोजला जातो. म्हणून माझा आग्रह आहे, की मंडळाच्या एका जाणत्या कार्यकर्त्याने प्रत्येक तिकिटाचा फोटो मागवून तारीख, गाडी क्रमांक आणि चढण्याचे स्थानक या तीन गोष्टी तपासाव्यात. या कामाला एक संध्याकाळ पुरते.

दुसरी तयारी आधारची आहे. तत्काळ तिकिटासाठी जुलै २०२५ पासून आणि साध्या आरक्षणाच्या सुरुवातीच्या वेळेसाठी ऑक्टोबर २०२५ पासून, ऑनलाइन तिकीट काढणाऱ्याचे आयआरसीटीसी खाते आधारशी पडताळलेले असावे लागते. सकाळी आठ वाजता तिकीट काढायला बसल्यावर खाते पडताळलेले नाही असे कळले, तर तेथून पुढे काहीच करता येत नाही. म्हणून जून महिन्यातच मंडळातील तरुण मुला-मुलींनी घरोघरी जाऊन ज्येष्ठांची खाती उघडून द्यावीत, आधार पडताळून द्यावे आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत लिहून ठेवावा. प्रवाशांची नावे आणि वये खात्याच्या यादीत आधीच भरून ठेवली, तर ऐनवेळी टंकलेखनात जाणारी मोलाची मिनिटे वाचतात. एका तिकिटावर सहा प्रवाशांपर्यंत नावे घालता येतात, हेही कुटुंबांचे गट पाडताना लक्षात ठेवावे.

मात्र एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. मंडळाच्या एखाद्या मुलाने स्वतःच्या खात्यावरून साऱ्या वाडीची तिकिटे काढावीत आणि प्रत्येक तिकिटामागे पन्नास-शंभर रुपये घ्यावेत, ही प्रथा कितीही सोयीची वाटली तरी ती बंद करावी. वैयक्तिक खात्यावरून तिकिटे काढून ती पैशासाठी पुरवणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. मुलगा चांगल्या हेतूने करतो, पण अडचणीत तोच येतो आणि तिकिटे रद्द होऊन वाडीही अडकते. ज्याचे तिकीट त्याने स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खात्यावरून काढावे. मंडळाने फक्त शिकवावे आणि शेजारी बसावे.

प्रतीक्षायादीबद्दल आपल्याकडे जुनी समजूत अजून टिकून आहे, की वेटिंगचे का होईना, तिकीट हातात असले की स्लीपरच्या डब्यात उभे राहून जाता येते. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता (चार्ट) लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षेत राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि खिडकीवरून काढलेले तसे तिकीट घेऊनही आरक्षित डब्यात बसण्याची परवानगी नाही. तक्ताही आता पूर्वीप्रमाणे गाडीच्या चार तास आधी नव्हे, तर त्याच्या बराच आधी लागतो. याचा फायदा घ्यायला हवा : तक्ता लागताच ज्यांचे तिकीट पक्के झाले नाही, त्यांची नावे मंडळाकडे यावीत आणि मंडळाने त्यांना त्याच रात्रीच्या, मंडळाने गट आरक्षणाने ठरवलेल्या एस.टी.त किंवा दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवावे. यासाठी मंडळाच्या प्रत्येक एस.टी.त चार-पाच जागा शेवटपर्यंत राखून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे आणि त्या जागा आजवर एकदाही रिकाम्या गेलेल्या नाहीत.

परतीच्या तिकिटासाठी एक उपाय पुष्कळांना ठाऊक नसतो. गाडीतील जागांचा मोठा वाटा सुरुवातीच्या स्थानकाहून शेवटच्या स्थानकापर्यंत जाणाऱ्यांसाठी असतो. मधल्या स्थानकांच्या वाट्याला थोड्या जागा येतात आणि त्यांची प्रतीक्षायादी हळू सरकते. कणकवलीहून दादरचे तिकीट खोल प्रतीक्षेत दिसत असेल, तर त्याच गाडीचे सावंतवाडी ते दादर असे तिकीट पाहावे आणि आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक म्हणून कणकवली नोंदवावे. भाडे किंचित वाढते, पण जागा मिळण्याची शक्यता बरीच सुधारते. चढण्याचे स्थानक नोंदवायला मात्र विसरू नये, नाहीतर सावंतवाडीला जागा रिकामी दिसल्यावर ती दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

गणपतीच्या विशेष गाड्या वेगळ्या जाहीर होतात. २०२५ मध्ये रेल्वेने गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या होत्या, म्हणजे नियमित गाडीत जागा मिळाली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. परंतु या गाड्यांचे आरक्षण साठ दिवसांच्या हिशेबाने उघडत नाही, तर जाहीर केलेल्या दिवशी उघडते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि कोकण रेल्वे यांच्या घोषणांवर मंडळातील एकाने रोज नजर ठेवावी. खेड, चिपळूणपर्यंतच जायचे असेल, तर सणाच्या दिवसांत सोडल्या जाणाऱ्या अनारक्षित मेमू गाड्या धडधाकट माणसांसाठी सर्वांत स्वस्त आहेत. आणि हे सारे दिवस पावसाळी वेळापत्रकाचे असतात. पावसात वेग कमी ठेवावा लागतो, म्हणून कोकण रेल्वेवर गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात. मे महिन्यात आलो तेव्हाची वेळ डोक्यात धरून परतीच्या दिवशी स्थानकावर जाऊ नये.

आता एस.टी. माझ्या मते गणपतीच्या प्रवासात मंडळासारख्या संघटित गटाला सर्वांत जास्त लाभ एस.टी.च्या गट आरक्षणात आहे आणि आपण तो पुरेसा घेत नाही. एकाच वाडीची किंवा शेजारच्या दोन वाड्यांची माणसे मिळून गाडी भरत असतील, तर ती गाडी आपल्या वस्तीजवळून सुटते आणि थेट गावात जाते. कणकवलीला उतरून पुढे रिक्षा करण्याचा खर्च वाचतो आणि रात्री-अपरात्री सामान घेऊन ताटकळणेही वाचते. शिवाय सवलती आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास पूर्ण मोफत आहे. गट आरक्षणातही या सवलती मिळतात. समजा, गावापर्यंतचे पूर्ण भाडे ६०० रुपये आहे. नवरा, बायको, सत्तरीची आई आणि सत्याहत्तर वर्षांचे वडील असे चौघे निघाले, तर नवऱ्याचे ६००, बायकोचे ३००, आईचे ३०० आणि वडिलांचे काहीच नाही, असे १,२०० रुपये होतात. हीच माणसे खासगी बसने गेली, तर चार पूर्ण भाडी मोजतात. एका कुटुंबामागे वाचणाऱ्या या रकमेत घरच्या गणपतीच्या पूजेचे बरेचसे साहित्य येते. सवलतीसाठी वयाचा पुरावा जवळ असावा लागतो, म्हणून ज्येष्ठांची आधार कार्डे मंडळाने आधीच पाहून घ्यावीत. जन्मतारखेऐवजी नुसते जन्मवर्ष असलेली जुनी कार्डे असतील, तर ती दुरुस्त करून घ्यायला जून महिना हाताशी आहे.

गट आरक्षणासाठी आगारात जाताना प्रवाशांची वयासह पूर्ण यादी, सुटण्याचे ठिकाण, शेवटचा थांबा आणि मार्ग लिहून न्यावा. मार्ग लिहून देणे फार महत्त्वाचे आहे, कारण घाटातील किंवा गावातील रस्ता पावसात मोठ्या गाडीला चालतो की नाही, हे चालकाला ठाऊक नसते आणि आपल्याला असते. गावच्या ग्रामीण मंडळाला फोन करून साकव, मोरी, दरड यांची ताजी स्थिती विचारून घ्यावी. परतीची गाडीही त्याच वेळी ठरवावी. दरवर्षी आपण जाण्याचे पाहतो आणि येण्याचे विसर्जनावर सोडतो, मग विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या स्थानकावर माणसे मिळेल त्या दराला तयार होतात.

त्या तयार होण्याचाच फायदा काही खासगी वाहतूकदार घेतात. आमच्या मंडळातील एका विधवा बाईंकडून एका खासगी बसने परतीच्या एका जागेसाठी नेहमीच्या तिप्पट भाडे घेतले होते. नोकरीवर हजर राहणे भाग असल्यामुळे त्यांनी ते मुकाट्याने दिले. अशा वेळी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की राज्य शासनाने एप्रिल २०१८ मध्ये खासगी बसच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली असून, त्याच प्रकारच्या एस.टी. बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही. एस.टी.चे ६०० असतील, तर तशाच खासगी बसचे ९०० ही हद्द झाली. त्याहून जास्त मागितल्यास तिकीट किंवा पावती, गाडीचा क्रमांक आणि तारीख घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. एकट्या प्रवाशाला ही तक्रार करण्याचे बळ नसते. मंडळाच्या शिक्क्याच्या कागदावर, दहा प्रवाशांच्या पावत्या जोडून गेलेली तक्रार वेगळी ठरते.

मंडळ स्वतः खासगी बस ठरवत असेल, तर भाड्याची घासाघीस करण्याआधी परवाना, तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि विमा यांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि बरोबर दुसरा चालक आहे का, ते विचारावे. सणाच्या आठवड्यात एकच चालक रात्री मुंबईहून कोकणात आणि सकाळी परत असा सलग फेऱ्या मारतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. चाळीस माणसांचे जीव त्याच्या झोपेवर अवलंबून असतात. दुसऱ्या चालकासाठी माणशी जे काही रुपये जास्त पडतील, ते मंडळाने आनंदाने द्यावेत आणि सभासदांना त्याचे कारण सांगावे.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून थेट महामार्ग गाठण्याचा मोह टाळावा. त्या रात्री पनवेल ते माणगाव हाच टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. चिपळूणकडे जाणाऱ्यांना पुणे–कराडवरून कुंभार्ली घाट, तर सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांना कोल्हापूरवरून गगनबावडा किंवा आंबोली हा मार्ग लांबचा असला, तरी गर्दीच्या रात्री तो वेळेत पोहोचवतो. मात्र घाट पावसात खुला आहे याची खात्री निघण्यापूर्वी करावी आणि घाट शक्यतो उजेडी उतरावा. कोकणात जाणाऱ्या वाहनांना गेली काही वर्षे शासन सणापुरती टोलमाफी देते, त्यासाठी परिवहन कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात पास घ्यावा लागतो. २०२५ मध्ये ही मुदत २३ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर होती. घोषणा शेवटच्या आठवड्यात होते, म्हणून वाहन क्रमांक आणि मालकांची नावे यांची यादी मंडळाने तयार ठेवल्यास सर्वांचे पास एका फेरीत आणता येतात. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला असेल, तर तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. २०२५ मध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा (मोटार रेल्वेवर चढवून नेण्याची सोय) सुरू केली होती आणि तिचे एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये होते. प्रवाशांचे भाडे वेगळे. सिंधुदुर्गातील कुटुंबाने ती घेण्यापूर्वी हिशेब नीट मांडावा, कारण कोलाडपर्यंतचा सर्वांत गर्दीचा रस्ता तरीही आपल्यालाच चालवत जावा लागतो.

सामानाचा विषय छोटा वाटतो, परंतु गाडीत होणारी निम्मी भांडणे सामानावरूनच होतात. सजावटीचे खोके, कडधान्यांच्या पिशव्या आणि तेलाचे डबे मुंबईहून वाहून नेण्याचे आता कारण उरलेले नाही, हे सारे तालुक्याच्या बाजारात मिळते आणि तेथील दुकानदाराच्या घरीही गणपती असतो. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या चौकटीसाठी, लागणारी कवंडळे आणि हरणे ही रानफळे-फुले तर मुंबईहून न्यायचीच नसतात, ती रानातली असतात. फटाके आणि ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत नेण्यास मनाई आहे, ही सूचना मंडळाने लेखी द्यावी.

शेवटचा टप्पा, म्हणजे स्थानक ते घर. कोकण रेल्वेची अनेक स्थानके गावापासून दूर आहेत. राजापूर रोडला उतरणाऱ्याला राजापूर शहर किती लांब आहे, हे वेगळे सांगायला नको. पहाटे उतरणाऱ्यांची संख्या मंडळांनी एकत्र करून स्थानिक आगाराला लेखी कळवली, तर गाडीच्या वेळेला जोडून एस.टी. सोडण्याची मागणी आकड्यांसह करता येते. एका वाडीचे पंधरा जण असतील तर आगार विचार करणार नाही. पाच गावांचे दोनशे असतील तर करील. त्यासाठी एका पंचक्रोशीतील मंडळांनी एकमेकांच्या याद्या पाहायला हव्यात, जे आज होत नाही.

म्हणून माझी प्रत्यक्ष विनंती अशी आहे. रविवार २८ जून रोजी प्रत्येक मंडळाने फक्त प्रवासासाठी एक बैठक बोलवावी. त्या बैठकीत कोण कोणत्या दिवशी जाणार आणि कोणत्या दिवशी परतणार, याची यादी करावी, आधार पडताळणी राहिलेल्यांची नावे काढावीत, एस.टी.च्या गाड्या किती लागतील ते ठरवावे आणि एकट्याने प्रवास करणारे ज्येष्ठ कोण आहेत, हे पाहून प्रत्येकाबरोबर एक तरुण नेमून द्यावा. कणकवली तालुक्यातील ज्या मंडळांना आमच्या वहीचा नमुना हवा असेल, त्यांना तो मी बैठकीपूर्वी आणून देईन आणि १२ जुलैच्या सकाळी सातपासून मंडळाच्या खोलीत माझ्यासह आमचे चार कार्यकर्ते मदतीला बसलेले असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका मंडळाची प्रवासवही सांभाळणारा सभासद